मध्यंतरापर्यंतचं तिकीट

गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं फार महाग झाली म्हणून मागच्या थंडीत आमच्या कॉलनीत बरीच बडबड झाली. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या बायका रोज तोच विषय काढायच्या. मीही बोलले. पण मी उलट्या बाजूनं बोलले, म्हणून दोघीतिघींनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं काही अडलं नाही, माझंही नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की गाणाऱ्या बाईनं आपल्या गाण्याचे पैसे मागितले तर त्यात रडण्यासारखं काय आहे. हे मी तोंडाला येईल ते बोलत नव्हते. मला स्वतःला त्या कार्यक्रमाला जायचं होतं. त्या बाईंचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा तरी ऐकायचं, ही माझी पस्तीस वर्षांची इच्छा होती आणि ती पुरी झालेली नव्हती. बाई माझ्याहून थोड्या मोठ्या. आता त्या नाशकात पुन्हा येतील असं कुणी सांगत नव्हतं. त्यांचा कार्यक्रम मी पुष्कळदा ऐकला होता, पण दरवेळी मध्यंतरापर्यंतच.

ते कसं, ते सांगते.

आम्ही तेव्हाही नाशिक रोडलाच राहायचो. दोन खोल्या, आणि मधली भिंत एका विटेची. भिंतीपलीकडे माझी शेजारीण. ती मूळची कळवणकडची, लग्न होऊन इकडे आलेली. एका खासगी हॉस्पिटलात आया होती. मी कामगारांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. दोघींनाही गाण्याचं वेड होतं, आणि आमच्या घरात दुसऱ्या कुणालाही नव्हतं. बाई वर्षातून एकदा, थंडीत, शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये यायच्या. भावगीतं, गवळणी, अभंग, एखादं नाटकातलं पद. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे कुठला राग आणि कुठला ताल ते मला सांगता येत नाही. बाई गायला लागल्या की माझी कंबर दुखायची थांबते, एवढं मला कळत होतं.

दोन तिकिटं आम्हाला परवडत नव्हती. एक परवडत होतं, तेही निम्मं निम्मं घालून. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं होतं. पण शेजारणीची ड्युटी आठला सुटायची, म्हणजे सुरुवातीला तिला येताच येत नव्हतं. आणि आमचे मालक अंबडला कंपनीत दुसऱ्या पाळीला, ते घरी यायच्या आत मला चूल पेटवायची असायची, म्हणजे शेवटपर्यंत मला थांबता येत नव्हतं. तेव्हा चिठ्ठ्यांची गरजच पडली नाही. मध्यंतरापर्यंत मी, मध्यंतरानंतर ती.

तिच्याकडे एक तपकिरी शाल होती, कडेला पिवळी वेल विणलेली. बऱ्या होऊन घरी गेलेल्या एका पेशंट बाईनं तिला दिली होती. आत जाताना ती शाल मी अंगावर घ्यायची. मध्यंतर झालं की हॉलच्या पायऱ्यांवर यायची, शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायची, जागा कुठली ते सांगायची आणि पुढे कोण बसलंय तेही सांगायची. डावीकडे झुक, पुढे जाडा माणूस आहे. किंवा, शेजारचा म्हातारा घोरतो, कोपर मार. एवढं सांगून मी बसस्टॉपकडे निघायची आणि ती शाल पांघरून आत जायची.

आम्हाला वाटायचं दारावरच्या माणसाला कळत नाही. उंच, खाकी कोटातला, तिकीट फाडताना बोटाला थुंकी लावणारा. चौथ्या का पाचव्या वर्षी मी आत जाताना तो खाली बघतच म्हणाला, "ताई, आज उशीर झाला. दुसऱ्या ताई बऱ्या आहेत ना?" मी शाल घट्ट ओढून घेतली. तो म्हणाला, "मी शाल मोजतो. एक शाल आत गेली, एक शाल बाहेर आली, परत एक शाल आत गेली. हिशेब जुळतो."

मला आजही वाटतं की तो हिशेब जुळत होता. जागा एक, पैसे एका जागेचे, आणि त्या जागेवर एका वेळी एकच बाई. कुणी याला लबाडी म्हणालं तर म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आम्ही एकमेकींना आपापला भाग सांगायचो. हंडा भरेपर्यंत मी सांगायची, घागर भरेपर्यंत ती. मला गाता येत नाही. मी बाईंच्या साडीचा रंग सांगायची, कुठलं गाणं झालं ते सांगायची, कुठे टाळ्या पडल्या ते सांगायची. शेजारीण म्हणायची, "तुझं ऐकलं की वाटतं, बाई साडी दाखवायला आल्या होत्या." तिचं सांगणं वेगळं होतं. ती एकदाच ऐकायची आणि सगळं घेऊन यायची. बाई कुठे थांबल्या, पाणी प्यायल्या का, तबलेवाल्याकडे बघून कधी हसल्या, तंबोऱ्यावरची मुलगी कधी पेंगली. आणि मग हळू आवाजात म्हणून दाखवायची. नळावरच्या बाकीच्या बायका आधी हसायच्या. मग त्याही कान द्यायच्या, आणि त्यांची भांडी वाहायला लागायची.

बाई शेवटी नेहमी एकच गोष्ट करायच्या. पेटी थांबवायच्या, तबला थांबवायच्या, आणि त्यांच्या आईची जात्यावरची ओवी म्हणायच्या, नुसत्या गळ्यानं. आई दळताना जशी म्हणायची तशी. ती त्यांनी कधी रेकॉर्ड केली नाही. पुढे सुनेनं मोबाइलवर कुठून तरी शोधून दिली होती, पण ती कुणीतरी लांबून चोरून घेतलेली, तिच्यात लोकांच्या खोकल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे ज्या गाण्यासाठी माणसं लांबून लांबून यायची, ते मी बाईंच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं. ऐकलं ते नळावर, शेजारणीच्या तोंडून.

पुढे मुलं कमावती झाली, मालक गेले, हाताशी थोडे पैसे आले. पण तोवर बाई फार मोठ्या झाल्या होत्या. त्या मुंबई-पुण्याला जायच्या, परदेशी जायच्या, नाशकात क्वचित यायच्या. तिकिटाची किंमत ऐकली की आम्ही दोघी पेपर मिटून ठेवायचो.

आता ओट्यावरच्या भांडणाकडे येते.

मागच्या वर्षी बातमी आली की बाई येणार. सगळ्यात मागच्या रांगेचं तिकीट बाराशे, पुढचं तीन हजार, आणि अगदी पुढे सोफे टाकले होते त्याचं मी सांगत नाही. ओट्यावर सगळ्यात जास्त चिडली ती माझी शेजारीण. तिचं म्हणणं, ही आपली बाई होती, आपण टाळ्या वाजवून वाजवून हिला मोठी केली, आणि आता आपल्यालाच दाराबाहेर उभं करते.

मी म्हटलं, "आपण मोठी केली? अर्ध्या तिकिटात?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

मग मी त्यांना फलाटावरची गोष्ट सांगितली. ती मी आधी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायचं काही कारण पडलं नव्हतं. त्या काळात एकदा कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नणंदेला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते. फलाटावर बाई बसलेल्या. लोखंडी ट्रंकेवर. साडी कालचीच, मी ती ओळखली, अंजिरी रंगाची. तबलेवाला बाकावर तोंडावर रुमाल टाकून झोपलेला. तंबोरा गोधडीत गुंडाळून भिंतीला टेकवलेला, आणि तो पडू नये म्हणून बाईंनी एक हात त्याच्यावर ठेवलेला. दुसऱ्या हातानं त्या डब्यातली भाकरी खात होत्या. रात्रभर ही माणसं तिथेच असणार, हे बघून कळत होतं. कुणी लॉजवर उतरवलं नव्हतं. मी जवळ गेले नाही. काय बोलणार? काल तुमचं अर्धं गाणं ऐकलं, छान होतं, असं?

तेव्हा तिकीट स्वस्त होतं, कारण उरलेले पैसे बाई भरत होत्या. फलाटावर झोपून भरत होत्या. हे मी ओट्यावर सांगितलं आणि म्हटलं की आता त्या विमानानं येत असतील, गाडीतून उतरत असतील, तबलेवाल्याला गादीवर झोपायला मिळत असेल, तर मला बरं वाटतं. एवढं गाणं गळ्यात असून ज्या बाईनं इतकी वर्षं भाकरीचा डबा वाहिला, तिनं उतारवयात दर वाढवला तर मी तिच्या पाया पडेन, बोटं मोडणार नाही.

एकीनं विचारलं, मग गरिबानं ऐकायचंच नाही का. हा प्रश्न बरोबर होता. पूर्वी त्या हॉलला अगदी वरती, भिंतीला लागून लाकडी बाकांची एक रांग होती. तिथून बाई अंगठ्याएवढ्या दिसायच्या, पण आवाज पुरता यायचा. आम्ही तिथल्याच. हॉल दुरुस्त केला तेव्हा ती बाकं काढली आणि तिथे दिव्यांची यंत्रं बसवली. पुढच्या सोफ्यांना वाटेल ते लावा, मला त्याचं काही नाही. पण ती मागची बाकं ठेवायला हवी होती. ते बाईंच्या हातात नसणार. ज्याच्या हातात आहे त्यानं बघावं.

माझी सून अंबडला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. ती कमी बोलते, आणि म्हणून आमचं पटतं. तिनं हे सगळं जेवताना ऐकलं आणि दोन दिवसांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन होता. म्हणाली, "आई, हे तुमचं तिकीट. मागच्या रांगेतलं आहे. दुसरं काढायला गेले तोवर संपली."

नंतर कळलं की तिकिटं संपली नव्हती. कुणीतरी आधी घेऊन ठेवली होती आणि ती दुप्पट भावानं विकत होता. सून म्हणाली घेऊया का. मी नको म्हटलं. बाईंनी बाराशे मागितले तर मी द्यायला तयार आहे. पण हे वरचे पैसे बाईंना जात नाहीत, तबलेवाल्याला जात नाहीत, झाडूवाल्यालाही जात नाहीत. ज्यानं एक सूर लावला नाही त्याला कशाला द्यायचे? त्याला मी महागाई म्हणत नाही. त्याला दुसरा शब्द आहे.

मी कागद घेऊन भिंतीपलीकडे गेले. आता भिंत जाड झाली आहे आणि दोन्हीकडे वर मजले चढले आहेत, पण शेजार तोच आहे. शेजारणीनं कागद उलटसुलट करून बघितला. ओट्यावर एवढी तावातावानं बोलली होती, पण कागद हातात आल्यावर तो खाली ठेवीना. तिचा धाकटा मुलगा कळवणला शाळेत मास्तर आहे. महिनाभरात ती त्याच्याकडे कायमची जाणार होती, सामान बांधायला काढलं होतं. तिनं बांधलेल्या बोचक्याची गाठ सोडली आणि आतून शाल काढली.

"मध्यंतरापर्यंत तू," ती म्हणाली.

"मग काय," मी म्हटलं.

आम्हाला दोघींनाही दुसरं काही सुचलंच नाही. तिची ड्युटी सुटून वीस वर्षं झाली होती. माझी चूल पेटवायला घरात सून होती. तरी पहिला अर्धा माझा आणि दुसरा तिचा.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दुपारीच निघालो. बस द्वारका चौकात अर्धा तास अडकली. शेजारीण खिडकीतून बघत म्हणाली की एवढ्या वेळात पूर्वी चालत पोचलो असतो. मी म्हटलं, पूर्वी गुडघे होते. हॉलवर पोचलो तेव्हा रांग लागली होती. आमच्यासारख्या दोघीचौघी म्हाताऱ्या होत्या, बाकी सगळी तरुण पोरं-पोरी. ते बघून मला फार बरं वाटलं. बाराशे, तीन हजार देऊन ही पोरं जुन्या बाईचं गाणं ऐकायला आली होती. त्यांना कुणी हात धरून आणलं नव्हतं.

दारावर आता खाकी कोट नव्हता. काळा शर्ट घातलेली एक मुलगी होती, हातात यंत्र. तिनं कागदावर यंत्र धरलं, टिक वाजलं. मी तिला सरळच सांगितलं की मध्यंतराला मी बाहेर येईन आणि माझ्याऐवजी ह्या आत जातील. लपवायचं काही कारण मला दिसलं नाही.

मुलगी म्हणाली, "आजी, तसं नाही चालत. कागद एकदाच चालतो. बाहेर पडलात की परत आत नाही. चहापाणी सगळं आतच आहे."

मी शाल दाखवली. तिला शालीचं काय.

मागची माणसं पुढे सरकत होती. आम्ही बाजूला झालो. माझं टिक झालेलं होतं, म्हणजे आता जायची तर मीच. मी म्हटलं दोघी परत जाऊ. शेजारीण म्हणाली, "येडी का काय? बाराशे रुपये हायेत. जा आत. तू शेवट कधी ऐकला नाय. आज ऐक, आणि सकाळी मला सगळंच सांग. साडी सोडून."

"आणि तू काय करणार?"

"मी हाय इथं टपरीवर. चहा पिते, माणसं बघते. मला लय काम हाय, तू जा."

मी गेले. जास्त आग्रह करायची मला सवय नाही. शाल तिनंच माझ्या अंगावर टाकली.

आतलं काय सांगू? खुर्ची मऊ होती. बाई आल्या त्या एका मुलीच्या हाताला धरून. खुर्चीवर बसूनच गायल्या. पूर्वी मांडी घालून तीन तास बसायच्या. आवाज जाड झाला होता, वरचा सूर पूर्वीसारखा सहज लागत नव्हता. मग त्या काय करायच्या, वरच्या सुराच्या जरा अलीकडे थांबायच्या आणि तिथूनच असं काही वळवून घ्यायच्या की वरचा सूर ऐकू आला असं वाटायचं. ज्याचं जातं जुनं झालंय तो ज्वारी कशी थोडी थोडी घालून दळतो, तसं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. गळा साथ देत नाही म्हणून बाईंनी गाणं सोडलं नव्हतं, आणि गळा पहिल्यासारखाच आहे असं ढोंगही केलं नव्हतं. शेजारची कॉलेजातली मुलगी डोळे पुसत होती. मी रडले नाही. माझी कंबर दुखायची थांबली होती.

साडी जांभळी होती.

मग दिवे लागले आणि मध्यंतर झाल्याचं कुणीतरी सांगितलं. मी उठले. शाल काढली, तिची घडी घातली, लोकांतून वाट काढत निघाले, चहाच्या टेबलाजवळून गेले, दारातून बाहेर पडले आणि पायऱ्या उतरले. शेजारीण टपरीच्या बाकावरून उठून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हटलं, "उजवीकडे झुक, पुढे एक उंच मुलगा आहे, केस वाढवलेला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू बाहेर कशाला आलीस?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पूर्वी वर्षानुवर्षं जे केलं ते माझ्या पायांनी मला न विचारता केलं होतं. मी मागे वळून दाराकडे बघितलं. मग आम्ही दोघी हसायला लागलो. इतक्या हसलो की टपरीवाल्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला.

हसणं संपल्यावर ती चिडली. चिडली की तिची कळवणची भाषा निघते. म्हणाली की लय शहाणी ना तू, सगळ्या ओट्याला शिकवते, आणि निम्मे पैसे गटारात घातले. सुनेला काय सांगशील? मी म्हटलं जे झालं ते सांगेन.

एवढ्यात ती काळ्या शर्टातली मुलगी पायऱ्या उतरून आली. दारातून तिनं सगळं बघितलं असावं. म्हणाली, "आजी, तुम्ही चुकून बाहेर आलात ना? मी तुम्हाला ओळखते. चला पटकन, मी सोडते आत. पण एकट्याच." मी म्हटलं माझ्याऐवजी हिला सोड. ती बिचारी अडचणीत पडली. म्हणाली की तुम्हाला आत जाताना मी पाहिलंय म्हणून निदान कुणी विचारलं तर सांगता येईल, यांचं काय सांगू. ते बरोबरच होतं. तिची नोकरी होती.

शेजारीण म्हणाली, "जा. आता माझं डोकं खाऊ नको. जा आणि ओवी ऐकून ये."

मला ती ओवी ऐकायची होती. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तर फारच ऐकायची होती, कारण पहिला भाग कानात ताजा होता. आत जायला दहा पायऱ्या होत्या आणि दार उघडं होतं. पण माझ्या मनात दुसरंच आलं. ह्या पायऱ्यांवर शाल दिल्यावर मी नेहमी बसस्टॉपकडे निघून गेले. ती आत गेली की काय करते, कशी बसते, कशी ऐकते, हे मी कधी बघितलं नाही. आणि महिन्याभरानं ती कळवणला असणार होती. तिथून कोण कुणाला दुसरा भाग सांगणार?

मी मुलीला म्हटलं, "बाळ, माझे गुडघे गेलेत. आता पुन्हा पायऱ्या चढवत नाहीत."

गुडघे खरंच दुखत होते. मुलगी पायऱ्या चढून आत गेली.

शेजारणीनं माझ्याकडे बघितलं. तिला माझे गुडघे ठाऊक आहेत. बाकावर जरा सरकून बसली, मी शेजारी बसले. थंडी वाजत होती म्हणून शाल दोघींच्या मांडीवर पसरली. टपरीवाल्यानं चहा दिला.

"आधी पहिला सांग," ती म्हणाली. "साडी?"

"जांभळी."

"झालं तुझं सांगून."

पण या वेळी मी नीट सांगितलं. बाई कशा आल्या, खुर्चीवर कशा बसल्या, वरचा सूर कसा चुकवला आणि चुकवला हे कळू कसं दिलं नाही. ती मधेमधे विचारत होती, कुठलं गाणं, कुठल्या ओळीला, किती थांबल्या. मला जमेल तसं मी सांगितलं. एका ठिकाणी मी म्हणूनही दाखवलं. ती म्हणाली, राहू दे, कळलं.

मग ती सुरू झाली. आत बाई काय गात असतील ते तिला ऐकू येत नव्हतं, बंद दारातून बाहेर काहीच येत नव्हतं. पण दुसरा भाग बाई कसा बांधतात ते तिच्या हाडांत बसलेलं होतं. आता अभंग झाला असेल, ती म्हणाली, आणि अभंग म्हटला. आता पाणी पितील. आता पेटीवाला एकटा जरा वाजवेल, बाईंना दम घ्यायला हवा ना. आणि दम घेण्याएवढी तीही थांबली. रस्त्यावर रिक्षा होत्या, हॉर्न होते, भेळवाल्याची घंटा होती. ती कुणासाठी आवाज चढवत नव्हती. टपरीवाल्यानं मोबाइलवरचं गाणं बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिला नळावर पुष्कळदा ऐकलं होतं. पण तिथे हंडा भरायची घाई असायची, त्यामुळे ती ओवी नेहमी निम्मीच व्हायची. त्या दिवशी तिनं ती पूर्ण म्हटली. डोळे उघडे ठेवून, समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत, दोन्ही हात शालीखाली. बाईंच्या आईची ओवी, बाईंच्याकडून हिच्याकडे आलेली. हिनं तिला कळवणचा थोडा हेल लावला होता. मला तो आवडला. पैसे न देता ऐकली, म्हणून ती कमी किमतीची होती असं मला वाटलं नाही, आणि आत लोकांनी पैसे मोजले म्हणून त्यांचं काही चुकलं असंही नाही.

ती थांबली. थोड्या वेळानं हॉलचं दार उघडलं आणि लोक बाहेर यायला लागले. पहिल्याच घोळक्यात एक तरुण मुलगा होता, केस वाढवलेला, उंच. तो आपल्याशीच गुणगुणत पायऱ्या उतरत होता. तीच ओवी.

शेजारीण म्हणाली, "बाईंच्या आधी संपवली मी."

परतीची बस लगेच मिळाली. दाराशी उतरल्यावर ती शाल घडी करून मला द्यायला लागली. मी म्हटलं, तुझी तू ठेव, कळवणला थंडी जास्त असते. तिनं ठेवली. आता ती तिकडेच आहे. रविवारी फोन करते, आणि आता थोडा दम लागत असला तरी मुलाच्या शाळेतल्या बायकांना गाणं शिकवते असं सांगते.

त्या दिवशी घरात शिरले तेव्हा सून जेवायला थांबली होती. तिनं ताट वाढलं आणि विचारलं, "आई, सगळं ऐकलंत ना? शेवटपर्यंत?"

मी तिला जे झालं ते सांगणार होते. शेजारणीला तसं म्हटलंही होतं. पण तिचा प्रश्न वेगळा होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं.

"शेवटपर्यंत ऐकलं," मी म्हटलं. "आमटी वाढ."